एकच आडनाव, कामे निरनिराळी

आमच्या वर्गात पाच जाधव आहेत. "जाधव, ऊठ" म्हटले की पाचहीजण उठतात आणि सगळे हसतात. मला लई राग यायचा. मग गुरुजींनी वेल्स देशाची माहिती सांगितली. तो इंग्लंडच्या पश्चिमेला आहे. तिथे जोन्स आडनाव पुष्कळ आहे. पूर्वी तिथे वडिलांच्या नावाने मुलाला ओळखत. जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा. जॉन फार, म्हणून जोन्सही फार!

१) विल्यम जोन्स (१६७५–१७४९) : शेतकऱ्याचा मुलगा. वर्तुळाच्या गणितातले 'पाय' हे चिन्ह त्यांनी १७०६ साली प्रथम वापरले. ताईच्या पुस्तकात ते आहे.

२) ग्रिफिथ जोन्स (मृत्यू १७६१) : यांनी फिरत्या शाळा काढल्या. मास्तर एका गावात काही महिने शिकवीत, मग पुढच्या गावी जात. मोठी माणसेसुद्धा वाचायला शिकली.

३) थॉमस जोन्स (१८१०–१८४९) : सुताराचा मुलगा. १८४१ साली आपल्या देशात चेरापुंजीला आले. खासी लोकांची भाषा त्यांनी रोमन अक्षरांत लिहिली.

मित्रांनो, तिघेही जोन्सच, पण कामामुळे वेगळे ओळखू येतात. आता "कोणता जाधव?" असे विचारले तर मला राग येत नाही. मी म्हणतो, "थांबा, मोठा झालो की सांगतो."