बोक्याचं पथ्य किती दिवस?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रात्री आमचा भुऱ्या दर पाच मिनिटांनी लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत होता. कुंथायचा, बाहेर यायचा, परत जायचा. आम्हाला वाटलं, बद्धकोष्ठ झालं असेल. सकाळपर्यंत थांबावं असं ठरतही होतं, पण वाळू पूर्ण कोरडी आहे हे नवऱ्याच्या लक्षात आलं आणि आम्ही रात्रीच इमर्जन्सीला धावलो. लघवी तुंबली होती. कॅथेटर, सलाईन, तीन दिवस मुक्काम. घरी येताना हातात खास खाण्याची पिशवी आणि एक वाक्य मिळालं: "आता कायम हेच."

"कायम" हा शब्द मला खटकला. माझं रोजचं काम स्फटिक तयार करणं आणि विरघळवणं हेच आहे, त्यामुळे प्रश्न पडला की खडे विरघळले, तर पथ्य का संपत नाही?

खडीसाखर आणि मुतखडा

मांजरांच्या मूत्रमार्गात प्रामुख्याने दोन प्रकारचे खडे सापडतात. पहिला स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. बोक्यांची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. तिथे बऱ्याचदा खडा नव्हे, तर चिकट द्रव्य आणि स्ट्रुव्हाइटचे बारीक कण यांचं बूच बसतं. भुऱ्याचं तेच झालं होतं.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. गरम पाण्यात भरपूर साखर विरघळवायची आणि पाक निवू द्यायचा. आता त्या पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर आहे. तरी ती लगेच खाली बसत नाही. दोरा सोडला की त्यावर दाणे धरतात. म्हणजे द्रावणाच्या तीन अवस्था असतात. पातळ असेल तर जुना खडाही विरघळतो. मधल्या अवस्थेत नवा दाणा सहसा आपोआप जन्मत नाही, पण असलेला वाढतो. फार दाट झालं, तर दोऱ्याशिवायही दाणे पडतात.

मांजराची लघवी मुळातच दाट असते. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. थोड्या पाण्यात भागवायची मूत्रपिंडं त्यांच्याकडून वारशाने आली, आणि तहान कमी लागण्याची सवयही. उंदरात सुमारे ७० टक्के पाणी असतं, त्यामुळे शिकारीतूनच त्यांचं भागायचं. कोरड्या दाण्यांत मात्र जेमतेम १० टक्के पाणी असतं. वाटीतून पाणी पिऊन मांजर ही तूट पूर्ण भरून काढत नाही.

खास खाणं नक्की काय करतं?

या खाण्यात सहसा औषध नसतं. घटकांचं गणित मात्र बदललेलं असतं. मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बेताचे. मेथिओनिनसारखे घटक लघवी किंचित आम्लधर्मी करतात. त्यामुळे स्ट्रुव्हाइटला लागणारा फॉस्फेटचा आयन कमी होतो. काही प्रकारांत मीठ वाढवलेलं असतं, म्हणजे मांजर जास्त पाणी पितं आणि लघवी पातळ होते. असं खाणं काटेकोरपणे दिलं, तर मांजरांतले स्ट्रुव्हाइटचे खडे बहुधा काही आठवड्यांत विरघळतात, शस्त्रक्रिया लागत नाही.

पण पथ्याने लघवी बदलते, मांजर बदलत नाही. जुनं खाणं सुरू केलं की दोन-चार दिवसांत लघवीही जुन्यासारखी होते. पाक पुन्हा दाट झाला. माझ्या "का संपत नाही?" या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं होतं.

एक खडा घालवताना दुसरा आला?

मग सगळ्याच मांजरांना आयुष्यभर आम्लधर्मी खाणं द्यावं का? इथे इतिहास थोडा सावध करतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मुतखड्यांच्या तपासणीचं केंद्र आहे. १९८१ च्या सुमारास तिथे येणाऱ्या मांजरांच्या खड्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त स्ट्रुव्हाइट असत. कॅल्शियम ऑक्झलेट २ टक्क्यांच्या आसपास. त्याच दशकात कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं, खाणं आम्लधर्मी केलं. स्ट्रुव्हाइट घटले आणि १९९० च्या दशकात ऑक्झलेटने त्यांना मागे टाकलं.

या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी झाली, असं सिद्ध होत नाही. पण कारण पटण्यासारखं आहे. शरीर आम्लधर्मी झालं की हाडांतलं कॅल्शियम जास्त प्रमाणात लघवीत उतरतं. शिवाय मॅग्नेशियम ऑक्झलेटला बांधून ठेवतं; तेच कमी केलं की ती अडकाठी गेली. ऑक्झलेटचे खडे कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत, ते काढावे लागतात. म्हणूनच आजचं चांगलं खाणं लघवी माफक आम्लधर्मी आणि शक्य तितकी पातळ ठेवतं. पातळ केल्याने दोन्ही खड्यांचा धोका कमी होतो.

खडा नसेल तर?

तरुण मांजरांत लघवीचा त्रास दिसला, तर निम्म्याहून अधिक वेळा खडाही सापडत नाही आणि जंतुसंसर्गही. मूत्राशयाला सूज असते, कारण कळत नाही. ताणाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. हा त्रास पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप थांबतो. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं असेल, अँटिबायोटिक, नवं खाणं, आजीचा काढा, त्यालाच श्रेय मिळतं! तुलनेसाठी दुसरा गट का हवा, ते इथे कळतं.

१९९९ च्या एका अभ्यासात अशा मांजरांना आम्लधर्मी खाणंच दोन रूपांत दिलं, डब्यातलं ओलं आणि कोरडं. वर्षभरात ओलं खाणाऱ्यांपैकी ११ टक्के मांजरांना त्रास परत झाला, कोरडं खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे पिशवीवर काय लिहिलंय याइतकंच आत पाणी किती, हेही महत्त्वाचं.

आमची चूक

आठ महिने भुऱ्या ठणठणीत होता. डिसेंबरमध्ये आम्ही महिनाभर पुण्याला गेलो. मैत्रिणीला डबे उघडायचा त्रास नको म्हणून मीच मशीनमध्ये साधे कोरडे दाणे भरून ठेवले. "महिन्याभराने काय होतंय!" तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. तिला लक्षणं सांगून ठेवली होती म्हणून ती वेळेत पोचली, आणि बोका वाचला.

प्रयोग म्हणून पाहिला तर हा फारच वाईट प्रयोग: खाणंही बदललं आणि घरातली माणसंही गायब. दोष कशाचा, हे एका बोक्यावरून सांगता येणार नाही. पण दोन्ही मीच एकदम बदललं, हे खरं.

मग किती दिवस?

उत्तर निदानावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना आधी "नक्की काय झालं होतं?" हे विचारा.

- स्ट्रुव्हाइटचा खडा: विरघळवणारं खाणं ठरावीक काळ, एक्स-रेमध्ये खडा दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे. मग प्रतिबंधाचं खाणं दीर्घकाळ.
- ऑक्झलेट: खडा काढल्यावरही पथ्य आणि नियमित तपासणी, कारण तो परत होण्याची शक्यता बरीच असते.
- कारण न सापडलेली सूज: ओलं खाणं, जास्त पाण्याच्या वाट्या, स्वच्छ आणि पुरेसे लिटर बॉक्स, लपायला-चढायला जागा.

"कायम" म्हणजे "न तपासता" नव्हे. लघवीची तपासणी अधूनमधून हवी. मांजर म्हातारं झालं, मूत्रपिंडं किंवा हृदय कमजोर झालं, तर हेच खाणं गैरसोयीचं ठरू शकतं. मग डॉक्टरांशी बोलून ते बदलावं. पिल्लांना आणि गाभण मांजरीला ते देऊ नये. घरात दुसरं मांजर असेल तर वाट्या वेगळ्या ठेवा. आणि मनाने व्हिनेगर वगैरे घालून लघवी आणखी आम्लधर्मी करू नका.

बाकी सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा. बोका वारंवार कुंथतोय आणि लघवीचा थेंब नाही, तर सकाळची वाट पाहू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं.

भुऱ्या आता ओलं खातो, वर दोन चमचे कोमट पाणी. या डिसेंबरला आम्ही पुन्हा पुण्याला जातोय. मैत्रीण आमच्याच घरी राहायला येणार आहे, आणि फ्रिजवर कागद चिकटवलाय: "डबाच द्यायचा. वाळू रोज बघायची."