पावसाने चिरलेली सायकलवाट

प्रश्न : आम्ही काही जण वेताळ टेकडीवर माउंटन बाइक चालवतो. दर पावसाळ्यात वाटा चिरत जातात. डागडुजी कशी करावी? आणि वाटांना नावं द्यावीत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : वाटेचा खरा शत्रू चाक नाही, साचून वाहणारं पाणी आहे. भर पावसात जाऊन बघा. वाटेच्या मधोमध बोटभर धार धावत असेल, तर पुढच्या वर्षी तिथे घळ पडणार. म्हणून वाटेला उताराच्या बाजूला किंचित कल द्या. शंभर सेंटिमीटर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरे. बाहेरच्या कडेला साचलेला मातीचा वरंबा कुदळीने फोडा, म्हणजे पाणी आपसूक बाहेर पडेल. वाट सरळ उतारावर कधीच काढू नका. तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि अधूनमधून लहानसा उलटा चढ द्या. माती ओली असेल तेव्हा सायकल घरीच ठेवा. कुदळ उचलण्याआधी मात्र जमिनीची मालकी पाहून वनखात्याची किंवा महापालिकेची लेखी परवानगी घ्या.

नावं जरूर द्या. कोणी पडलं तर ‘खाणीच्या वाटेवर आहे’ एवढ्यावर मदत पोचते. गुराख्यांच्या, रोज फिरायला येणाऱ्या आजोबांच्या तोंडी असलेली नावं आधी विचारा. दगडखाण, झाड, पाणवठा यांवरून पडलेली नावं टिकतात. पाटी मराठीत लावा, पण झाडाला खिळा ठोकू नका.