संगणकाची दूरची कोठी

नांदुऱ्याहून शेगांवास आगगाडीनें जातांना वाटेंत जलंब जंक्शन लागतें. तेथून खामगांवचा फांटा फुटतो. १८७० सालीं हा फांटा सुरू झाला आणि खामगांवची कापसाची बाजारपेठ मुख्य लोहमार्गास जोडली गेली. बाजारपेठ होती तेथेंच राहिली. पण तिच्यांतील मालास मुंबईची वाट सुलभ झाली. संगणकास दूरची साठवण जोडणें हें असेंच फांटा जोडण्याचें काम होय.

संगणकांत लेख, चित्रें व हिशेब ज्या कोठींत राहतात तिला ड्राइव्ह म्हणतात. विंडोज प्रणालींत तिला 'सी', 'डी' अशीं अक्षरें असतात. शाळेंतील सर्वांचें साहित्य एकाच मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेविलें तर त्यांतील सामायिक फोल्डर प्रत्येकाच्या संगणकावर 'झेड' अक्षराची कोठी होऊन दिसूं शकतें. हाच नेटवर्क ड्राइव्ह. यासाठीं दोन्ही संगणकांस एकच भाषा यावी लागते. अशी 'एसएमबी' नांवाची भाषा आयबीएम कंपनींत बॅरी फायगेनबॉम यांनीं १९८३ च्या सुमारास रचिली.

जोडणीची रीत सोपी आहे. 'धिस पीसी' उघडून तेथील यादींतून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडावें. एक मोकळें अक्षर घ्यावें. पत्ता लिहितांना आरंभीं 'बॅकस्लॅश' नांवाच्या दोन तिरप्या रेषा, मग सर्व्हरचें नांव, पुन्हां तशीच एक रेषा व शेवटीं फोल्डरचें नांव लिहावें. जोडणी कायम राहावी म्हणून 'रीकनेक्ट ॲट साइन-इन' येथें खूण करावी. 'फिनिश' दाबल्यावर मागितल्यास आपलें नांव व परवलीचा शब्द द्यावा.

आतां मुख्य गोष्ट. 'झेड' हें दार आहे, कोठार नव्हे. जाळें तुटलें कीं दार बंद होतें. त्या दारांतून एखादी फाइल पुसली तर ती सर्वांचीच पुसली जाते, आणि आपल्या रीसायकल बिनमध्यें ती बहुधा सांपडत नाहीं. म्हणून मुलांचे प्रकल्प, घरच्या सातबाऱ्याची प्रत, आजोबांचें छायाचित्र यांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं असावी, इकडे पालकांनींही लक्ष द्यावें.

दार उघडें टाकण्यांतही धोका आहे. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' नांवाच्या घातक प्रणालीनें एसएमबीच्या जुन्या आवृत्तींतील दोषावाटे शिरून जगांतील दोन लाखांहून अधिक संगणकांस उपद्रव दिला व त्यांतील फाइलींस कुलूप घालून खंडणी मागितली. यास्तव जुनी आवृत्ति बंद ठेवावी, संगणकाची प्रणाली वेळोवेळीं अद्ययावत् करावी, आणि दूर गांवाहून जोडणी करणें झाल्यास व्हीपीएनच्या बंदिस्त मार्गानेंच करावी.

सामायिक कोठींत आपल्या एकट्याचें कांहींच नसतें. तेथें शेजाऱ्याचें वर्षभराचें श्रमही ठेविलेले असतात. जें सर्वांचें म्हणून आपल्या हातीं सोंपविलें गेलें, तें विश्वस्ताच्या बुद्धीनें सांभाळावें, हाच या विद्येचा पहिला धडा होय.