आधी फाटक बघून या

कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले, तर सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "वहिनी, गावाहून कधी आलात?"

मी कुठेच गेले नव्हते. दुसऱ्या मजल्यावर सासूबाईंच्या पलंगाशी होते. त्यांना अर्धांगवायू होऊन चौदा महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. भाजी घरपोच, औषधं घरपोच. बाहेर पडायला कारण उरलं नव्हतं आणि कारणाशिवाय बाहेर पडायची मला लाज वाटायची.

वॉचमनचा प्रश्न मनाला लागला आणि मी एकदम दुसरं टोक गाठलं. रविवारी जेवणं आटोपल्यावर आईंना नवी साडी नेसवली, व्हीलचेअरची घडी घालून रिक्षात कोंबली आणि एका बागेच्या दारात जाऊन उभी राहिले. बाग चारपर्यंत बंद. तासभर फुटपाथवर, उन्हात. उघडल्यावर कळलं, दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून फाटकात लोखंडी खांब रोवलेत आणि त्यांतून खुर्ची जात नाही. मोठ्या फाटकाची किल्ली ज्याच्याकडे, तो चहाला गेलेला. तेवढ्यात आईंना लघवीला लागली. स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या. परतताना रिक्षात त्या रडत होत्या आणि मी त्यांच्यावर ओरडत होते.

त्यानंतर तीन महिने आम्ही उंबरा ओलांडला नाही. तुमच्याकडून ही चूक होऊ नये म्हणून हे सगळं सांगते आहे.

पहिली गोष्ट: आधी एकटीनं जाऊन बघून या. खुर्चीची रुंदी मोजून टेप बरोबर न्या. फाटक केवढं, उतार आहे का, सावली किती वाजता कुठे पडते, स्वच्छतागृहाला पायऱ्या किती, एवढंच पाहायचं. पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात; वेळेची पाटी वाचा. रखवालदाराशी दोन शब्द बोलून ठेवा. आता आम्ही गेलो की तो स्वतःहून मोठं फाटक उघडतो.

दुसरी: पहिली फेरी इमारतीच्या गेटपर्यंतच. वीस मिनिटं, बस्स. मग कोपऱ्यापर्यंत. आम्हाला जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ मानवला. बसायला बाकं आहेत आणि पैसा लागतो तो फक्त रिक्षाला. आई डाव्या हाताच्या बोटांवर बस मोजतात. तळ्यातल्या गणपतीला जायचं तर आम्ही सणवार आणि रविवार टाळतो.

तिसरी, खुर्चीची. उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी फिरवा, स्वतः खालच्या बाजूला राहा आणि मागं बघत हळूहळू उतरा. थांबलात की दोन्ही ब्रेक लावा. लुळा पाय पायपट्टीवरून घसरून जमिनीला घासतो आणि पेशंटला ते कळतही नाही, म्हणून दर थोड्या वेळानं पायाकडे नजर टाका. लुळा हात मांडीवर उशीवर ठेवा. निघण्याआधी डायपर बदला, पण त्या भीतीनं पाणी तोडू नका.

आता चौथी, आणि हीच सगळ्यात उशिरा कळली. आईंना फिरवून आणणं ही माझी सुट्टी नव्हतीच. ते काम उघड्यावर, एवढाच फरक. माझं वेगळं बाहेर पडणं मला हवं होतं.

"काही लागलं तर सांगा," असं सगळेच म्हणतात, आपणच काही सांगत नाही. मी शेजारच्या काकूंना नेमकं सांगितलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच ते साडेसहा आईंजवळ बसाल? चहा थर्मासमध्ये असेल, औषध कुठलंच नाही." त्या लगेच हो म्हणाल्या. त्या तासात मी पर्वती चढते. 103 पायऱ्या, तिकीट नाही. पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवरून घरी फोन केला. काकू म्हणाल्या, "आम्ही मालिका बघतोय, ठेव फोन."

'सासूला टाकून हिंडते' असं कुणी म्हणेल, ही भीती मलाही होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातली काळजीवाहकाची व्याख्या वाचली तेव्हा ती थोडी कमी झाली. पैसे घेऊन किंवा न घेता सांभाळणारे, घरचे लोकसुद्धा, त्यात येतात. म्हणजे आपण करतो त्या कामाला कायद्यात नाव आहे. सार्वजनिक जागी दिव्यांगांना जाता यावं, हेही तोच कायदा सांगतो. तेव्हा अडलेल्या फाटकाचा फोटो काढा आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या.

आपल्याकडच्या स्वमदत गटांत पेशंटला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ दोघांच्या एकत्र सहली काढतं. तुमच्या गावात असा गट नसेल, तर दोन घरांनी मिळून जायलाही हरकत नाही. एकीनं दोन्ही खुर्च्यांपाशी बसावं, दुसरीनं बागेला फेरी मारून यावं, मग अदलाबदल.

मी अजूनही चिडते, दमते. पण शुक्रवारी सव्वापाच वाजले की आईच डाव्या हातानं माझ्या चपलांकडे बोट दाखवतात.