खांदेरीच्या दिव्याचे नाव



आपल्या गोंदिया जिल्ह्यात तलाव आहेत, बोड्या आहेत, नवेगावबांध आहे. पण समुद्र नाही, म्हणून दीपगृहही नाही. मीसुद्धा दीपगृह पाहिलेले नाही. तरी हा पाठ मी दीपगृहावर लिहिला. त्याचे कारण सांगते.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरविले. गुरुजींनी वर्गात बारा चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याला जो किल्ला निघेल त्याने त्याची माहिती लिहायची, असे सांगितले. माझ्या चिठ्ठीत खांदेरी निघाला.

खांदेरी हे रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रातले एक लहान बेट आहे. मुंबई बंदरात येणारी जहाजे तिथून दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांना धडकी भरली. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची वाट अडवली. पण मायनाक भंडारी यांनी काम बंद पडू दिले नाही. आपल्या होड्या लहान व चपळ होत्या. त्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर सामान पोचवत. शेवटी जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला.

पुढे कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल झाले. १७१८ साली इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजी १७२९ साली वारले. जिवंत असेपर्यंत ते इंग्रजांना हार गेले नाहीत. म्हणून इंग्रज त्यांना समुद्रावरचा लुटारू म्हणत. आपल्या किनाऱ्याची राखण करणाऱ्याला लुटारू! नाव ठेवणारा कोण आहे, ते आधी पाहावे लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बेट इंग्रजांकडे गेले. १८६७ साली त्यांनी तेथे दीपगृह उभारले. त्याचा मनोरा अष्टकोनी आहे. इंग्रजांच्या जिभेवर खांदेरी हा शब्द बसेना, म्हणून त्यांनी त्याचे केनरी केले. शेजारच्या उंदेरी बेटाचे हेनरी केले. हेनरी आणि केनरी, जसे काही दोन साहेब भाऊच! नकाशावर दीपगृहाचे नाव केनरी असेच छापले गेले.

आता दीपगृहाला नाव कशाला लागते, ते पाहू. किनाऱ्यावर दिवे पुष्कळ असतात. अंधारात खलाशाला नावाची पाटी वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याची लुकलुकण्याची रीत वेगळी ठेवतात. कोणता दिवा किती सेकंदांनी चमकतो, हे पुस्तकात दिव्याच्या नावापुढे लिहिलेले असते. खलाशी चमक मोजतो, पुस्तकात पाहतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. दिवसा तो मनोऱ्याचा आकार आणि रंग पाहून ओळखतो. म्हणजे नाव चुकले तर वाट चुकली आणि वाट चुकली तर जहाज खडकावर!

आपल्याकडेही तसेच आहे. आपल्या जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची गावे आहेत. मोरगावजवळची ती अर्जुनी-मोरगाव आणि सडकेवरची ती सडक-अर्जुनी. नुसते अर्जुनी म्हटले तर पाहुणा भलत्याच ठिकाणी उतरेल.

१९९८ साली भारत सरकारने खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले. आता तेथील दीपगृहही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्यांना इंग्रजांनी लुटारू म्हटले, त्यांचेच नाव इंग्रजांनी बांधलेल्या दिव्याला मिळाले. आणि तो दिवा आता सगळ्या देशांच्या जहाजांना वाट दाखवतो. जुने नावही पुसले गेले नाही. किल्ल्याला आजही खांदेरी म्हणतात. आपल्या नौदलाच्या एका पाणबुडीचे नावसुद्धा खांदेरी आहे.

हे सारे मी घरी आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "मंग आपल्या टोलीचं काय व?"

आमच्या टोलीला पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या नावाने ओळखतात. ते नाव आम्ही ठेवलेले नाही. कोणी विचारले, "कुठं राहतेस?" तर मी "बोडीकडे" एवढेच सांगते. दाखल्यावर मात्र तेच नाव येते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायची, असा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आमच्या टोलीचे नाव अजून बदलायचे आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय निघणार आहे. कोणी म्हणतात, थोर पुरुषाचे नाव द्या. कोणी म्हणतात, बोडीटोली म्हणा. कोणी म्हणतात, काहून बदलता, चालून तर रायलं!

आजीने तिचे मत सांगितले. "नाव सांगताना पोरीची मान खाली जाऊ नये अन् नव्या मानसाले घर सापडलं पायजे. बस, एवढं पाहा."

मला हे पटले. कान्होजींचे नाव दोन्ही गोष्टी करते. ते सांगताना मान ताठ होते आणि नकाशावर दिवाही सापडतो. केनरी या नावाने दिवा सापडत होता, पण ते नाव आपले नव्हते. आमच्या टोलीच्या नावाने घर सापडते, पण मान खाली जाते. म्हणून ते बदलले पाहिजे.

पालकहो, १ मेला ग्रामसभेला अवश्य या. आम्हां मुलांना तेथे हात वर करता येत नाही. तुम्हांला येतो.

शब्दार्थ
सरखेल – आरमाराचा प्रमुख.
आरमार – लढाऊ जहाजांचा ताफा.

स्वाध्याय
१. इंग्रजांनी खांदेरीला केनरी का म्हटले?
२. रात्री खलाशी दीपगृह कसे ओळखतो?
३. तुमच्या वस्तीचे नाव कोणी व का ठेवले, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून पाच ओळी लिहा.

– इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी