हिवाळा सरताना बागेतील कामे



उत्तरायणाचा सण आटोपला म्हणजे आपल्या सुरत शहरातील झाडांवर फाटके पतंग कितीतरी दिवस फडफडत राहतात. हिवाळ्याच्या अखेरच्या बागकामाचा आरंभ आम्ही तेथूनच करतो. झाडांत अडकलेला मांजा काढून टाकणे हे पहिले काम होय. हा दोरा कोवळ्या फांदीस काचतो आणि पाखरांचे पाय व पंख त्यात गुंततात. वेळूच्या काठीस आकडी बांधून, वडील मंडळींच्या देखरेखीखाली, तो उतरवावा. विजेच्या तारांजवळच्या मांजास मात्र कोणीही हात लावू नये.

यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत बागेत काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. परंतु लिहावयास बसलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, या दिवसांत करावयाच्या कामांइतकीच न करावयाची कामेही महत्त्वाची आहेत. पाणी कोठे घालू नये, शेंगा कोणत्या तोडू नयेत, पाला का जाळू नये, हे ज्यास कळले त्यास अर्धे बागकाम आले असे समजावे.

प्रथम आमच्या एका चुकीची हकीकत सांगतो. आमची मातृभाषा कोंकणी. आम्ही वाढलो ते गोव्याच्या जांभ्या दगडाच्या प्रदेशात. तेथील तांबड्या मातीत ओतलेले पाणी पाहता पाहता खाली निघून जाते. म्हणून माड-पोफळींच्या कुळागरात पाटाचे पाणी वरचेवर फिरवावे लागते. झाडास पाणी घालणे म्हणजे पुण्य, एवढेच आम्ही लहानपणी शिकलो होतो. सुरतेस आल्यावर पहिल्याच वर्षी एका अंगणातील आंब्याच्या झाडाची जोपासना आमच्याकडे आली. दिवाळीपासून आम्ही त्यास नेमाने रोज दोन बादल्या पाणी घालू लागलो. संक्रांतीच्या सुमारास आसपासचे आंबे मोहोरले. आमच्या झाडास मात्र तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली. मोहोराचा पत्ता नव्हता!

एका विद्यार्थ्याचे वडील त्या दिवशी भेटावयास आले होते. ते मागावर काम करणारे. मूळचे खानदेशातील शेतकरी. त्यांनी बुंध्याजवळची माती चिमटीत घेऊन दाबली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, ह्याला थोडी तहान लागू द्या. पोट भरलेलं झाड पानंच काढतं."

त्यांचे म्हणणे खरे होते. तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावते आणि खानदेशातून वाहत येऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यातील काळी माती बारीक, चिकण कणांची असते. ती पाणी शोषून फुगते, ते दीर्घकाळ धरून ठेवते आणि सुकली म्हणजे भेगाळते. तांबड्या मातीचा नियम काळ्या मातीस लावणे ही आमची चूक होती. पुढील वर्षी आम्ही पावसाळ्यानंतर हात आवरला आणि झाड मोहोरले. एका झाडावरून सिद्धान्त बांधू नये हे खरे. परंतु फळबागांचे शास्त्रही हेच सांगते. मोहोरापूर्वीचे दोन-तीन महिने फळत्या आंब्यास पाणी तोडल्याने पालवीस आळा बसतो आणि मोहोरास अनुकूलता लाभते. फळे वाटाण्याएवढी झाली म्हणजे मग दहा-पंधरा दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. लहान कलमांस मात्र हा नियम लावू नये. त्यांची मुळे खोल गेलेली नसतात, म्हणून त्यांस पाणी हवेच.

मोहोर पूर्ण उमललेला असताना त्यावर औषधाचा फवारा मारू नये. आंब्याच्या फुलांचे परागीकरण बहुतांशी माश्या व इतर लहान कीटक करतात. तुडतुड्यांबरोबर तेही मेले तर फळ धरणार कसे? एका तुऱ्यावर हजाराहून अधिक बारीक फुले असतात, आणि शेवटास जाते ते एखाद-दुसरे फळ. तेव्हा खाली पडलेला मोहोर पाहून घाबरून जाऊ नये.

आता फुलझाडांकडे वळू. मोगऱ्यासही अशीच विश्रांती लागते. जानेवारीत दोन-तीन आठवडे त्याचे पाणी कमी करावे. मात्र कुंडीतील माती अगदी भुकटी होऊ देऊ नये. पाने मलूल होऊन गळू लागली म्हणजे वाळक्या व दाटीच्या फांद्या धारदार कात्रीने छाटाव्यात. वरची माती हलक्या हाताने उकरून तीत कुजलेले शेणखत मिसळावे आणि नंतर पुन्हा पाणी सुरू करावे. नव्या फुटीवरच मोगऱ्याच्या कळ्या येतात. ज्यास छाटणीची दया येते त्यास उन्हाळ्यात फुलांची वाट पाहावी लागते.

शेवंतीचा बहर ओसरला म्हणजे दांडे जमिनीपासून चार बोटे राखून कापावेत. बुडाशी फुटवे येतात. ते मुळांसह अलग करून निराळ्या कुंड्यांत लावले म्हणजे एका रोपाची चार रोपे होतात. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास होते. तेव्हा आता केवळ सुकलेली फुले काढावीत. कात्री हातात आहे म्हणून सारे झाड कापत सुटू नये.

भाजीपाल्यात सर्वांत कठीण संयम वालपापडीपाशी करावा लागतो. सुरतेची पापडी प्रसिद्धच आहे. उत्तरायणाचे उंधियो तिच्यावाचून आणि कोनफळावाचून होत नाही. (गुजरातीत ज्यास 'रताळू' म्हणतात ते आपले कोनफळ होय, आपले रताळे नव्हे, बाजारात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) हिवाळा सरत आला म्हणजे वेल थकतो आणि घरची मंडळी उरलेल्या साऱ्या शेंगा तोडून भाजी करू पाहतात. येथेच थांबावे. जो वेल सर्वांत निरोगी, ज्याच्या शेंगा सर्वांत भरदार, त्यावरील काही शेंगा दोरा बांधून राखून ठेवाव्यात. त्या वेलीवरच पिवळ्या पडून खडखडीत वाळू द्याव्यात. नंतर दाणे सोलून, सावलीत पुरते सुकवून, कोरड्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह घट्ट झाकणाखाली ठेवावेत. उरलेसुरले, किडके दाणे बियाण्यास ठेवून चांगले खाऊन टाकणे म्हणजे पुढच्या वर्षीचे ताट आजच उष्टावणे होय.

वालाच्या फुलात परागीकरण बहुधा त्या फुलातच होते. म्हणून त्याचे घरचे बी बहुतेक मूळ वेलासारखेच उतरते. काकडी-दुधीचे तसे नाही. मधमाश्या एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे जात भेसळ होते. संकरित वाणांचे बी तर राखून उपयोग नसतो, कारण दुसऱ्या पिढीत त्यांचे गुण विखुरतात. या प्रसंगी सांगावयास अभिमान वाटतो की, व्यापारी लागवडीसाठी काढलेला जगातील पहिला संकरित कापूस, 'संकर-४', आपल्या सुरतेच्याच संशोधन केंद्रात १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सिद्ध केला. त्याने कापसाचे उत्पन्न वाढविले; परंतु संकरित बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. वालपापडीसारखे घरी राखता येणारे बी म्हणूनच जपण्याजोगे आहे.

या दिवसांत कडुनिंब, देशी बदाम आणि पिंपळ यांची पाने गळू लागतात. रस्तोरस्ती सकाळी पाल्याचे ढीग पेटलेले दिसतात. धूर घरात शिरतो, म्हाताऱ्या माणसांस खोकला येतो आणि राखेखेरीज हाती काही लागत नाही. हाच पाला कुजविला तर खत होते. इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची शास्त्रशुद्ध पद्धती बसविली. ती आजही जगभर 'इंदूर पद्धती' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिजवर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे, हे मराठी वाचकांनी विसरू नये.

घरगुती रीत अशी: तळास भोके पाडलेल्या जुन्या पिंपात किंवा डब्यात वाळक्या पाल्याचा जाड थर द्यावा. त्यावर भाजीची देठे-साली यांचा पातळ थर, त्यावर थोडी माती किंवा शेणकाला, असे थर रचावेत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राखावा आणि दर पंधरवड्यास ढीग वरखाली करावा. हवा न मिळाल्यास त्यास दुर्गंधी येते. तीन-चार महिन्यांत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, काळसर भुसभुशीत खत तयार होते. थोडा पाला तसाच झाडांच्या बुडाशी पसरावा. त्याने उन्हाळ्यात ओल टिकते व काळी माती भेगाळून मुळे तुटत नाहीत.

शेवटचे काम उन्हाळी पेरणीचे. भेंडी, गवार, काकडी व दुधी यांस ऊब लागते. थंड मातीत बी रेंगाळते, प्रसंगी कुजते. म्हणून रात्रीचा गारवा कमी होईपर्यंत थांबून, साधारणतः फेब्रुवारीत, पेरणी करावी. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून मग टोकावे. गच्चीवर किंवा गॅलरीत तेलाचा रिकामा डबाही चालतो. मात्र तळाशी पाणी जाण्यास भोके हवीत.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची घरे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आहेत. वडील मागावर जातात, आणि गाव जळगाव, धुळे अथवा नंदुरबार जिल्ह्यात आहे. आजोबांनी त्याच काळ्या मातीत जन्म काढला. ती माती केव्हा तहानलेली आहे, हे ते चिमटीने सांगू शकतात. नातवास ते ठाऊक नाही. ही विद्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही. ती विचारून घेतली नाही, तर एका पिढीत संपेल. आम्हांस ती एका पालकाकडून मिळाली, आणि ती मिळण्यासाठी आम्हांस आपले अज्ञान आधी कबूल करावे लागले.

तेव्हा परीक्षा आटोपून मे महिन्यात गावी जाल, त्यापूर्वी कुंड्या शेजाऱ्यांच्या स्वाधीन करा. राखलेल्या पापडीच्या दाण्यांतील मूठभर बरोबर न्या, आजी-आजोबांना दाखवा आणि विचारा, "तुमच्या वेळी बी कसे राखीत?" त्यांचे उत्तर वहीत लिहून आणा. पावसाळ्यात शाळा उघडेल तेव्हा ते दाणे व ती वही, दोन्ही आम्हांस पाहावयाची आहेत.