निळा गोळा घेताना आधी बूड बघा

पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हन्साइट हातात आला की माणूस निळ्या रंगावर भाळतो आणि तो गोळा खाली कशावर, कसा टेकलाय हे बघायचं राहून जातं. माझ्याकडे नमुने दाखवायला येणाऱ्यांपैकी जे फसलेत, ते बहुतेक इथेच फसलेत.

मध्यंतरी कॉलेजात शिकणारा एक मुलगा असाच नमुना घेऊन आला. पांढऱ्याशुभ्र स्टिल्बाइटवर बोराएवढा गर्द निळा गोळा. दोन्ही खनिजं अस्सल होती. दहापट भिंगाखाली धरल्यावर मात्र गोळ्याच्या कडेने पातळ, काचेसारखी झिलई दिसली आणि तिच्यात अडकलेला हवेचा बारीक बुडबुडा. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, तर तेवढंच कडं दुधी निळं उजळलं. कुठूनतरी सुटलेला गोळा दुसऱ्याच दगडावर ग्लूने बसवला होता. पोराने साठवलेले पैसे त्यात घातले होते, मला फार वाईट वाटलं. तुटलेला नमुना जोडून विकायला माझी हरकत नाही. जोडलाय हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं.

अस्सल नमुन्यात निळ्या काड्या स्टिल्बाइटला थेट भिडतात, मध्ये काही भरलेलं नसतं. शंका वाटली तर विकणाऱ्याला विचारून कापसाच्या काडीवर अ‍ॅसिटोन घ्या आणि जोडाच्या एका कोपऱ्याला लावा. झटपट चिकटणारा ग्लू मऊ पडतो. टॉर्चखाली सगळेच ग्लू उजळत नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

दुसरा घोळ नावाचा. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं जलयुक्त खनिज १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात सापडलं, १९७३ मध्ये त्याचं रीतसर वर्णन झालं. त्याच वेळी त्याच्या भावंडाचंही झालं: पेंटागोनाइट. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी तेवढी वेगळी, आणि वाघोलीत दोन्ही मिळतात. रंगावरून त्यांना वेगळं करायला जाऊ नका. आकार बघा. कॅव्हन्साइटचे आखूड स्फटिक एका मध्यापासून फुटून गोळा किंवा फुलोरा करतात. पेंटागोनाइटचे लांब, सडपातळ आणि बरेचदा सुटे असतात. त्याचे जुळे स्फटिक नीट वाढले असतील तर आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. ती दिसली की मला आजही हरखायला होतं. आकाराने निकाल लागला नाही, तर एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा रामन तपासणी करावी लागते. नुसती मूलद्रव्यं मोजून उपयोग नाही, दोघांची सारखीच निघणार. तोवर चिठ्ठीवर ‘कॅव्हन्साइट किंवा पेंटागोनाइट’ असं लिहायला लाजू नका.

निळ्या लोकरीसारखा मऊ दिसणारा गोळा कुणी दाखवला, तर तो बहुधा रंगवलेला ओकेनाइट असतो. ओकेनाइट आपल्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळतो, पण पांढरा. तंतूंच्या टोकाला रंग गडद आणि आत फिका दिसला की समजायचं.

घरी आणल्यावर धुण्याची घाई नको. कॅव्हन्साइटचा कडकपणा मोह्‌ज मापावर जेमतेम तीन-चार, त्यात ठिसूळ. ब्रशने काड्या मोडतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात तर घालूच नका. आम्लही नको, खालचा स्टिल्बाइट त्यात खराब होतो. धूळ ब्लोअरने उडवावी. कापसात गुंडाळू नये, तंतू काड्यांत अडकतात आणि काढताना स्फटिक सोबत येतात. नमुन्याचं बूड डबीत घट्ट बसवायचं, वर काही टेकू द्यायचं नाही.

खाणीत स्वतः जायचं असेल तर मालकाची परवानगी आणि हेल्मेट, दोन्ही हवं. सुरुंग लावलेल्या कातळाच्या कड्याखाली कुणाच्याही सांगण्यावरून उभं राहू नये. फोडून बाहेर टाकलेल्या डबरातही बघण्यासारखं पुष्कळ असतं.

आणि चिठ्ठी त्याच दिवशी लिहा: खाण कोणती, तारीख काय, सोबत कोणती खनिजं होती. जुन्या संग्रहांत कितीतरी सुंदर नमुन्यांवर नुसतं ‘पूना’ लिहिलंय. तो दगड पाषाणचा की वाघोलीचा, हे आता कुणाला विचारणार? वाघोलीभोवती इमारती उठल्यात, त्यामुळे तिथल्या नमुन्यांच्या चिठ्ठीला आता जास्तच मोल आहे. नजर तयार करायची असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात निवांत दिवस काढा, आणि प्रत्येक नमुन्यात स्फटिक खालच्या दगडाला कुठे मिळतो तेवढंच बघत फिरा.